खंडेनवमीची तार

आदीच सांगते, मी बोलत असले की मदी कुनी "काकू, जरा हळू" म्हनायचं न्हाई. माजं डोकं फिरतं. मी छबूबाई. मिरजगावच्या अलीकडं हायवे सोडून आत वळलं की इजंचं सबस्टेशन लागतं, त्येच्या कुंपनाला लागून आमचं रान आन रानातच घर. मदी निस्ती तारेची जाळी. आमचे मालक, सहादेव, तेहतीस वर्सं त्या सबस्टेशनात लाईनमन. मी सकाळी चुलीवर तवा ठेवला की खिडकीतनं मालक खांबावर चढलेले दिसायचे. दुसऱ्यांच्या बायकांना नवरा कामाला गेला की सांच्यापत्तूर घोर न्हाई. माजा घोर माज्या डोळ्यासमोर टांगलेला.

सबस्टेशनात दर खंडेनवमीला हत्यारांची पूजा असती. पाने, पकडी, हातमोजे, शिडी, सगळं पुसून मांडायचं, हळदीकुकू लावायचं, नारळ फोडायचा. सायेबापासनं वॉचमनपत्तूर सगळे हात जोडून हुबे. आन माळ माज्या रानातल्या झेंडूची, त्येच्यात मी कुनाला हात घालू दिला न्हाई. त्या सकाळी दिवाळीआदीच्या दुरुस्तीसाटी दोन तास लाईन बंद ठेवायचे. तेवढ्यात मालक माळ घेऊन वर चढायचे. जितनं मोठी लाईन सबस्टेशनात शिरती, तितं लोखंडाची उंच कमान हाय. लाईनीची तार त्या कमानीला डायरेक बांदत न्हाईत. मदी चिनी मातीच्या जाड बशांची माळका असायची, त्येला इन्सुलेटर म्हनत्यात. इजंला लोखंडापासनं लांब ठेवायचं आन वर तारंचा सगळा ताण बी पेलायचा, अशी दुहेरी चाकरी त्येची. मालक म्हनायचे, "छबू, ह्येनं हात सोडला तर सगळं ग्येलं बग." मंग ज्येच्यावर एवढं सगळं लोंबतंय त्येला माळ नको का घालायला? कमानीकडच्या वरल्या टोकाला, जितं इजंचं भ्या न्हाई, तितं आमची माळ.

पयल्यांदा मी माळ सुतळीत ववायची आन सुतळीनंच बांदायची. एका साली दसऱ्याच्या दिवशी सुतळी तुटली आन माळ खाली पडली. आठ दिसांत मालक शिडीवरनं पडले, हात मोडला. दीड महिना प्लास्टर. सगळे म्हनले, योगायोग. म्हनलं, तुमचा योगायोग तुमच्या घरी ठेवा! दुसऱ्या सालापासनं मी माळंला बायंडिंगची तार लावली, स्लॅबच्या सळया बांदत्यात ना, ती. तिला तीन पीळ द्यायचे, शेवटचा उलटा, म्हंजे सुटत न्हाई. पीळ कसा द्यायचा ते मालकाला मीच शिकवलं. मी खालनं वरडायची, "आवं, आवळा की! पकडीनं आवळा, आजून!" आन ते मुकाट आवळायचे. फुलं वाळून झडून जायची, तार तशीच ऱ्हायची, म्होरल्या साली तिच्यावर नवी तार. वीस वर्सं असं चाललं. मालकाला साधं खरचटलं न्हाई. आता सांगा, मी तार का सोडीन?

चार वर्सांमागं कंपनीनं कमानीवरच्या चिनी मातीच्या बशा काढल्या आन नवे इन्सुलेटर लावले. करडे, रबराचे, हातभर लांब, वर बारक्या बारक्या छत्र्या. मालक लई खूश. "छबू, एका हातानं उचलतोय, बग! जुन्याला दोन मानसं लागायची." मी बी हातात घेऊन बगितला, लई गुळगुळीत. त्या खंडेनवमीला माळ नव्या इन्सुलेटरला, तार तीच, पीळ तेच. कुनाच्या डोक्यात दुसरं काय आलंच न्हाई.

मंग जयमाला आली. पलीकडच्या वाडीतली पोरगी, आई लोकाच्या रानात खुरपायला जाती, पोरीनं कर्जतला आयटीआय केलेलं. कंपनीत विद्युत सहायक म्हनून लागली. म्हंजे तीन वर्सं काम बगनार, डाग न्हाई लागला तर कायम करनार, डाग लागला तर घरी. पयल्या दिवशी मी जाळीपाशी हुबी राहून मालकाला मोठ्यानं म्हनले, "पोरगी खांबावर चढंल हो, पन उतरवायला कोन जानार?" तिनं ऐकलं. पट्टा बांदला, सरसर वर ग्येली, काम केलं, खाली आली आन जाळीपाशी येऊन म्हनती, "काकू, उतरले. पाणी द्या." मी हसून हसून खालीच बसले. त्या दिवसापासनं ती माजीच.

दुपारची भाकरी आमच्याकडंच खायची. हुलग्याचं शेंगोळं तिला लई आवडायचं. परात म्होरं आली की, "काकू, काकांना कमी वाढा, त्यांचं वजन वाढलंय, खांब वाकतो." मालक लटकं रागवायचे. आमाला पोटचं पोर न्हाई, ते दुःख आमी कदी कुनाजवळ बोललो न्हाई, आन ह्या पोरीनं ते बोलायची गरजच ठेवली न्हाई. ती आली की घर भरायचं.

आता जे सांगायचं ते सांगते. माजीच जीभ हाय, तिनं चुकी केली, तर तिनंच सांगायला पायजे.

मागल्याच्या मागल्या खंडेनवमीची गोष्ट. जयमाला नुकतीच कंपनीच्या ट्रेनिंगला जाऊन आलेली. मी माळंला तार लावत बसले हुते, ती शेजारी येऊन बसली. म्हनली, "काकू, नव्या इन्सुलेटरला तार नको. सुतळी लावा."

"का गं? सुतळी तुटती."

"तुटू द्या. हे चिनी मातीचं नाही. ह्याच्या आत काचेच्या तंतूंची कांडी असते, सगळा ताण ती कांडी पेलते. वरचं रबर नुसतं साल. उसासारखं समजा. तार आवळली की साल कापतं, पावसाचं पाणी आत जातं. मग ऊस कसा वरून हिरवागार दिसतो आणि आतून लाल पडतो? एक दिवस वारा नाही, काही नाही, आणि मोडतो."

चांगलं समजावून सांगत हुती. पन मला त्यात काय ऐकू आलं म्हाईताय? माजी माळ नको. माज्या मालकाच्या जिवाची तार नको. आन माज्या तोंडातनं निघालं, "तुमच्यात पूजा चालत न्हाई, म्हनून आमची बी मोडायची व्हय?"

असं बोलले मी. खोटं कशाला सांगू. ती बौद्ध घरातली, तिची आई, ती, समदी दसऱ्याला पांढरी साडी नेसून विहारात जात्यात, ते मला पयल्या दिवसापासनं ठावं हुतं. तवर त्या गोष्टीचा मला कदी काटा लागला न्हवता. आन त्या दिवशी मीच तो काटा काढून तिच्या पायात घातला. पोरीचं तोंड एवढंसं झालं. "तसं नाही काकू," एवढंच म्हनली आन उठून शिडी धरायला ग्येली. मालक वर चढले. मी खालनं वरडले, "आवळा! आजून!" दुसऱ्या दिवशी ती विहारातनं येताना आमच्यासाटी खिरीचा डबा घेऊन आली. मी खाल्ली, चांगली झालीय म्हनले. मला वाटलं, मिटलं. मानसाला आपलं बोलनं लगीच इसरायला हुतं. गेल्या खंडेनवमीला ती तारंबद्दल कायच बोलली न्हाई.

ह्या जानेवारीत, संक्रातीनंतर पाच-सहा दिवसांनी, सकाळचे साडेदहा वाजले असतील. मी ज्वारीतली पाखरं हाकत हुते. वारा न्हाई, आभाळ न्हाई, सगळं शांत. आन ताडकन असा आवाज झाला की माज्या हातातली गोफन खाली पडली. बगते तर कमानीवरनं लाईनीची तार सुटलेली, खाली येताना मोठा जाळ झाला, आन तार खडीवर पडली. आन जयमाला वही घेऊन आतच हुती. रीडिंग घ्यायला ग्येलेली. तारंपासनं दहा पावलं.

मी पळत सुटले. जाळीला हात लावनार तेवढ्यात मालक आतनं वरडले, "छबे! जाळीला शिवू नको!" तेहतीस वर्सांत ते माज्यावर कदी असं वरडले न्हवते. मी जागच्या जागी थिजले. जयमाला बी थिजली हुती, वही छातीशी धरून. लाईन आपोआप बंद झालेली हुती, पन ते आमाला काय म्हाईत. मालकांनी लांबनं तिला सांगितलं, तार पडली की भवतीच्या जमिनीत बी इज असती, पाय न उचलता सरकत सरकत मागं ये. ती आली. गेटाभायेर आल्यावर मी तिला पोटाशी धरलं आन अशी रडले, अशी रडले, की शेवटी तीच माजी पाठ थोपटाय लागली.

पंधरा-सोळा गावं दोन दिवस अंधारात. डेअरीवाले वरडले, कांद्याला पानी न्हाई म्हनून शेतकरी वरडले. सुहास सायेब, आमच्या सबस्टेशनचे इंजिनेर, दोन रात्री झोपले न्हाईत. मानूस चांगला, पन वरनं फोन आला की हुबा राहून बोलतो. दुरुस्ती झाली, लाईन चालू झाली. आन मंग वरनं पत्र आलं. दर महिन्याला पाहनी करून रजिस्टरमदी लिव्हायचं काम जयमालाचं. सहा महिने तिनं "सर्व ठीक" असं लिव्हून सह्या केल्यात. सर्व ठीक हुतं तर इन्सुलेटर मोडला कसा? पाहनी न करताच सह्या केल्या काय? खुलासा द्या. नगरवरनं मॅडम चौकशीला येनार. आन पोरीची तीन वर्सं पुरी व्हायला एक महिना ऱ्हायलेला. डाग लागला की घरी.

मी मालकाला म्हनले, "आवं, तुमी तेहतीस वर्सांचे जुने. दोन शब्द बोला की तिच्यासाटी." मालक गप. ताटात भाकरी तशीच. दुसऱ्या दिवशी बी तशीच. जयमाला जेवायला यायची बंद झाली. शेंगोळं केलं, दोगांपैकी कुनी खाल्लं न्हाई. माजं डोकं फिरलं. म्हनलं, "शेंगोळ्यानं काय घोडं मारलंय तुमचं? मोडला तो इन्सुलेटर मोडला, तुमी का तोंड पाडून बसलाय?" मालक उठून भायेर ग्येले.

तिसऱ्या दिवशी मी च्या घेऊन सबस्टेशनात ग्येले. मालक स्टोअरच्या दारात आडवे झाले. "आत नको. हितंच दे." मला आत जायचं न्हवतंच, पन नको म्हनल्यावर छबूबाई भायेर थांबंल व्हय? मालकाला बाजूला सारलं आन आत शिरले. फळीवर तो मोडका इन्सुलेटर, दोन तुकडे. मोडल्याची जागा अशी सपाट की करवतीनं कापल्यागत. आतली कांडी मदी काळीकुट्ट. आन वरच्या तुकड्याच्या गळ्यात, रबरात रुतून बसलेली तार. गंजलेली. एकावर एक, चार सालांच्या चार. परतेकीला तीन पीळ, शेवटचा उलटा.

मी खालीच बसले. कपबशी कुटं ठेवली ते आठवत न्हाई.

मालक हळूच म्हनले, "तू बगशील म्हनून आत येऊ देत न्हवतो."

"तुमाला कवा समजलं?"

"पयल्याच दिवशी. तुकडा हातात घेतला तवाच."

"आन गप बसलात? पोरगी फासावर चाललीय आन तुमी गप?"

"मी सांगनार हुतो गं. तिनंच हात धरला माजा."

जयमाला दारात येऊन हुबी हुती. म्हनली, "काकू, काकांची मे महिन्यात रिटायरमेंट आहे. तेहतीस वर्षांत त्यांच्या नावावर एक मेमो नाही. शेवटच्या चार महिन्यांत कशाला? मी तरुण आहे, दुसरीकडं बघेन कुठंतरी."

"कुटं बगशील? आईसंगं खुरपायला जाशील?"

तिला बोलूच दिलं न्हाई. मी म्हनले, "तुला म्हाईत हुतं तार हाय. मंग रजिस्टरात 'सर्व ठीक' का लिव्हलंस? काय म्हनून?"

तिनं टेबलावरचं रजिस्टर उचललं, मागली पानं उलटली आन मागल्याच्या मागल्या दसऱ्यानंतरचं पान माज्याम्होरं धरलं. मला वाचाय येतं, जरा सावकाश. एक ओळ खोडलेली हुती. पन खोडली तरी दिसत हुती. "कमानीवरील इन्सुलेटरला वरच्या टोकाला तार बांधलेली आहे, काढणे आवश्यक." त्येच्याखाली, "सर्व ठीक."

"लिहिलं होतं काकू. मग वाटलं, हे साहेब वाचतील, काकांना तार काढायला लावतील, आणि तुम्हाला वाटेल, हिला आमची पूजा मोडायचीच होती."

बया बया बया. माजी एक ओळ, आन तिनं तिची ओळ खोडली. नोकरीवर पानी सोडनारी सही केली, का, तर काकू रागवंल. मला त्या घटकेला स्वतःच्या थोबाडीत द्यावी वाटली. मी उठले, तिचे दोनी हात धरले आन म्हनले, "पोरी, त्या दिवशी मी जे बोलले ते लई वंगाळ बोलले. तू चांगलं सांगत हुतीस, आन मी तुजी जात काढली. त्येची माफी मागायला मला दीड वर्स लागलं, ह्येची पन माफी माग म्हनलीस तरी मागते." ती रडाय लागली. मालक बी रडाय लागले. मी म्हनले, "आता तुमी नका सुरू करू! दोगंबी माजं नीट ऐका. तुमी दोगांनी एकमेकाला वाचवायचं ठरवलंय ना? लई शाने. पन तार कुनाची? माजी. मंग मला न इचारता कसं ठरवलंत?"

चौकशीचा दिवस उजाडला. नगरवरनं देवश्री मॅडम आल्या, पन्नाशीच्या, बारीक चष्मा, बोलनं कमी. हापिसात टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला सुहास सायेब, म्होरं जयमाला. मालक दाराशी. मी सरळ आत ग्येले आन पदरातला मोडका तुकडा टेबलावर ठेवला. सायेब घाबरून हुबे ऱ्हायले. "काकू, तुम्ही इथं नाही येऊ शकत. ऑफिशियल चौकशी चालू आहे."

"मी बी ऑफिशियलच बोलायला आलेय," म्हनलं.

मॅडमनं चष्म्यावरनं बगितलं. "तुम्ही कंपनीच्या कोण?"

"कायबी न्हाई. लाईनमनची बायकू. पन तुमचा इन्सुलेटर मी मोडलाय."

मग मी सगळं सांगितलं. सुतळी, मोडलेला हात, तार, तीन पीळ. जयमालानं उसाचं समजावलं ते. मी तिला काय बोलले ते बी सांगितलं, एक अक्षर गाळलं न्हाई. रजिस्टर उघडून खोडलेल्या वळीवर बोट ठेवलं. "मॅडम, हिनं पाहनी केली न्हाई असं लिव्हू नका. हिनं पाहनी केली हुती. हिला दिसलं बी हुतं. लिव्हलं बी हुतं. माज्यापायी खोडलं."

दारातनं मालक म्हनले, "तार हिची, पन वर चढून बांदली मी. लाईनमन मी हाय, ती न्हाई. माज्या नावावर लिव्हा, मॅडम." मानूस ताठ हुबा हुता. तेहतीस वर्सांत मला त्यांचा एवढा अभिमान कदी वाटला न्हवता, आन तो वाटतोय हे मी त्यांना आजून सांगितलेलं न्हाई. डोक्यावर बसतील.

मॅडम सायेबाकडं वळल्या. "तुम्हाला या माळेबद्दल माहीत होतं?"

सायेब म्हनले, "तसं... पूजा होते दरवर्षी, पण तपशील..."

"सायेब," मी म्हनले, "तो फोटू दावा की."

कसला फोटू ते सांगते. दर खंडेनवमीला सायेब सगळ्यांचा फोटू काढून ग्रुपवर टाकत्यात. मदोमद हात जोडून सायेब सवता, त्यांच्या डोक्यावर कमान, कमानीला माळ, आन माळंच्या वर उन्हात चकाकनारी माजी तार. सायेबाचं तोंड लालबुंद झालं. वाटलं आता मोबाईल लपवनार. पन न्हाई, मानूस चांगला हाय म्हनलं ना मी. त्यांनी फोटू काढला, मॅडमसमोर ठेवला आन म्हनले, "मॅडम, मी चार वर्षं ह्याच्याखाली उभा राहिलोय. वर बघितलं नाही."

मॅडम लई येळ फोटू बगत ऱ्हायल्या. मंग तुकड्यातली तार बोटानं चाचपली. तीन पीळ मोजले. आन मला इचारलं, "आता यजमानांचा हात कसाय?"

म्हनलं, "बराय. थंडीत दुखतो."

मंग त्यांनी लिव्हलं. मालकाला लेखी ताकीद. सायेबाला लेखी ताकीद. जिल्ह्यातल्या समद्या सबस्टेशनांत रबरी इन्सुलेटरला कुनी कायबी बांदलंय का ते तपासायचं, बांदलेलं आसल तर इन्सुलेटरच बदलायचा. आन जयमालाला हुबं करून म्हनल्या, "तुमची पाहणी बरोबर होती, खोडणं चूक. त्याची तुम्हालाही ताकीद. दिसलं ते लिहायचं. कोण रागावेल ते बघायचं नाही. कळलं?"

"हो मॅडम."

"कायम होण्याच्या कागदावर मी आडकाठी लिहीत नाही."

मी मॅडमच्या पाया पडायला ग्येले तर त्या चटकन मागं सरल्या. म्हनल्या, "त्यापेक्षा तार घरी ठेवा."

मार्चात जयमाला कायम झाली. पेढे घेऊन पयल्यांदा तिच्या आईकडं ग्येली आन मंग आमच्याकडं, ते मला आवडलं. मे महिन्यात मालक रिटायर झाले. निरोपाच्या दिवशी सायेब भाषनात म्हनले, सहादेवकाकांची सेवा निष्कलंक. मालक उटून म्हनले, "सायेब, एक ताकीद हाय." समदे हसले. मालक बी हसले. मला लई भ्या वाटत हुतं की त्या कागदाचं त्यांना वाईट वाटंल. पन घरी आल्यावर ते कागद घडी घालून ट्रंकेत ठेवत हुते, सत्काराच्या शालीवर. म्हनले, "छबू, तेहतीस वर्सांत एकच गोष्ट मी सवताहून कबूल केली. ऱ्हाऊ दे."

खंडेनवमी आली. मालकांना मानानं बोलावलं हुतं. मी माळ केली, सुतळीत ववली, आन सबस्टेशनात जाऊन जयमालाला इचारलं, "तूच सांग बाई, कुटं घालू?" तिनं स्टोअरमदनं एक जुनी चिनी मातीची बशी आनली, पुसली आन पूजेच्या पाटावर ठेवली. "ही घ्या काकू. हिला तार बांधलीत तरी चालेल." म्हनलं, न्हाई, सुतळीच. मी माळ घातली. नारळ तिनं फोडला. दुसऱ्या दिवशी खिरीचा डबा आला, आन आवंदा मी बी पुरनपोळी घेऊन तिच्या आईकडं जाऊन आले.

दिवाळीच्या आदी कपडे लई पडले हुते. मी लिंबापासनं सबस्टेशनच्या जाळीच्या खांबापत्तूर दोरी बांदली आन गोधड्या वाळत घातल्या. त्यात काय एवढं? तेहतीस वर्सं मालक तितं असताना कुनी बोललं न्हाई. सांच्याला जयमाला जाळीपाशी आली. हातात रजिस्टर. पान उघडून जाळीला लावलं, माज्या बाजूनं. मी सावकाश वाचलं.

"कुंपणाच्या खांबाला श्रीमती छबूबाई यांनी कपडे वाळवण्यासाठी दोरी बांधली आहे. धोकादायक. ताबडतोब काढणे."

खाली सही. खोडलेलं कायबी न्हवतं. एक अक्षर न्हाई.

मी वर बगितलं. पोरगी जाळीपलीकडं गंभीर तोंड करून हुबी, पन नजर माज्या तोंडावर. म्हनली, "काकू, राग आला?"

"आला तर! लई आला," मी म्हनले, आन दोरी सोडाय लागले. "गोधड्या घेते तवर हात धू. शेंगोळं केलंय."